पेन्शन एका देशाची, संसार दुसऱ्या देशात

पत्र

नमस्कार. गेल्या वर्षी आम्ही दोघं परदेशात राहायला आलो. लेक इथेच असते, हवा मानवते, आणि हे निवृत्त झाल्यावर तिच्याजवळ राहायचं हे आमचं आधीपासून ठरलेलं होतं. दोन्ही देशांची नावं मुद्दाम लिहीत नाही. इथे आपली माणसं मोजकी, लगेच ओळखू येऊ.

ह्यांची पेन्शन मायदेशातल्या बँकेत जमा होते आणि तिथून आम्ही ती इकडे मागवतो. हे जन्मभर हिशेबाच्या खात्यात होते. त्यामुळे सकाळी डोळे उघडले की फोन हातात आणि आधी चलनाचा दर. ‘अजून चढेल, थांबू,’ असं करत गेल्या महिन्यात इतके थांबले की भाड्याच्या दिवशी इथल्या खात्यात भाड्यापुरतेही पैसे नव्हते. शेवटी जावयाकडून उसने घेतले. परत केले, पण मला ते अजून टोचतंय.

पेन्शन थेट इकडच्या बँकेत घ्यावी का? तिकडची शिल्लक पुंजी एकदाच आणून टाकावी का? हे म्हणतात, तिकडचं खातंच बंद करू, कटकट नको. आणि एक. ह्यांचं काही बरंवाईट झालं तर यातलं मला काहीच जमणार नाही. पासवर्डसुद्धा माहीत नाहीत. ह्यांच्यासमोर हा विषय काढवत नाही, म्हणून तुम्हाला लिहिलं.

– दोन चलनांच्या मधे अडकलेली

उत्तर

ताई, पत्रातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही सगळ्यात शेवटी आणि घाईघाईत लिहिलीत. तिच्याकडे येतेच. पण जावयाकडे हात पसरावा लागला ते दुखणं ताजं आहे, म्हणून आधी दराचं बघू.

तुम्ही देशांची नावं झाकलीत, हरकत नाही. हिशेबासाठी आपण धरू की पेन्शन पौंडात येते, खर्च युरोत होतो आणि महिन्याला १,५०० पौंड येतात. आज बाजारात एका पौंडाला १.२० युरो आहेत आणि तुमचे हे १.२२ ची वाट बघत बसलेत. आता त्यांनाच कागद-पेन्सिल द्या, हिशेबातला माणूस आहे. १.२२ झाला तर जास्तीचे किती मिळतील? ३० युरो. तेही झाला तर.

आता त्याच कागदावर दुसरी ओळ. बँक तुम्हाला बाजारातला दर देत नाही, स्वतःचा देते. बाजारात १.२० असताना बँकेने १.१६ लावला, तर १,८०० च्या जागी १,७४० युरो हातात पडतात. म्हणजे दर महिन्याला न चुकता ६० युरो गेले. वर्षाचे ७२०. आणि पावतीवर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘शुल्क शून्य’. तुमचे यजमान रोज पहाटे उठून मिळाले तर मिळाले अशा ३० युरोंची राखण करतात आणि मागच्या दाराने ६० जातात ते त्यांना दिसतच नाहीत, कारण ते दराच्या पोटात दडलेले असतात. आंधळं दळतंय आणि कुत्रं पीठ खातंय, असा हा प्रकार. त्यांना सांगा, नजर अगदी बरोबर आहे, फक्त चुकीच्या आकड्यावर आहे.

बरोबर आकडा कसा काढायचा? ज्या मिनिटाला पैसे पाठवायचे त्या मिनिटाचा बाजारातला मधला दर बघायचा. खरेदी आणि विक्री या दोन दरांच्या मधला, इंटरनेटवर चलनाचं नाव टाकलं की दिसतो तो. त्या दराने किती व्हायला हवेत ते लिहायचं. मग प्रत्यक्ष खात्यात किती पडले ते लिहायचं. दोन्हींतला फरक म्हणजे पाठवणीचा खरा खर्च. दरातली कपात, शुल्क, वाटेतली गळती, सगळं त्यात आलं. जाहिराती वाचू नका, हा एक आकडा तीन-चार ठिकाणी काढून बघा. मोठ्या बँका या कामात सहसा महाग पडतात आणि पैसे पाठवण्याचंच काम करणाऱ्या परवानाधारक कंपन्या सहसा स्वस्त. पण ‘सहसा’ हा शब्द तुमच्या दोन देशांच्या जोडीला लागू आहे की नाही, ते हा आकडाच सांगेल.

वाटेतल्या गळतीबद्दल थोडं. बँका परदेशी पैसे पाठवताना जी स्विफ्ट वापरतात ती १९७३ साली बेल्जियममध्ये सुरू झालेली निरोपांची व्यवस्था आहे. तिच्यातून पैसे जात नाहीत, ‘अमक्याला इतके द्या’ असा निरोप जातो. दोन्ही बँकांची एकमेकींशी थेट खाती नसली तर मधे तिसरी बँक येते, कधी चौथीही, आणि जी येते ती आपला हात ओला करून पुढे पाठवते. म्हणून पैसे पाठवताना पडद्यावर प्रश्न येतो की शुल्क कोणाकडून घ्यायचं: पाठवणाऱ्याकडून, मिळवणाऱ्याकडून, की वाटून. बहुतेक जण ‘वाटून’ ठेवतात, कारण ते आधीच निवडलेलं असतं. मग घरमालकाच्या खात्यात भाडं १८-२० युरो कमी पडतं आणि त्याचा फोन येतो. रक्कम अचूक पोचायला हवी असेल तेव्हा ‘पाठवणाऱ्याकडून’ निवडा.

आणि एटीएमवर किंवा दुकानाच्या मशीनवर ‘तुमच्या चलनात वळवू का?’ असं विचारलं, तर उत्तर कायम नाही. गोड बोलून वाईट दर लावायची ती जागा आहे. तिथल्या चलनातच घ्या.

आता मोठे चढउतार. ‘थांबू’ म्हणणाऱ्या माणसाच्या मनात तेच असतात, म्हणून सांगते. ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडायचा कौल २३ जून २०१६ ला दिला. त्याआधी पौंडाला साधारण १.३० युरो मिळत होते, ऑक्टोबरात १.११ च्या आसपास. स्पेनमध्ये राहणाऱ्या ब्रिटिश पेन्शनरला १,५०० पौंडांचे १,९५० युरो मिळायचे, ते १,६६५ वर आले. पेन्शन एका पेनीनेही कमी झाली नव्हती. त्याआधी १५ जानेवारी २०१५ ला स्वित्झर्लंडच्या मध्यवर्ती बँकेने, एका युरोला किमान १.२० फ्रँक हा २०११ पासून राखलेला दर एका सकाळी सोडून दिला आणि काही मिनिटांत युरो एका फ्रँकच्याही खाली गेला. ही उडी आदल्या रात्री कोणाच्याही फोनवर दिसत नव्हती. ज्यांचा धंदाच चलनाचा आहे असे दलालही त्या दिवशी बुडाले. निवृत्त माणसाने यात अंदाज बांधायला जाणं म्हणजे हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं.

मग करायचं काय? अंथरूण पाहून पाय पसरावेत हे आपल्याला ठाऊक असतं, पण तुमचं अंथरूण दर महिन्याला लांब-आखूड होतंय. तर पाय पसरायचे ते आखूड अंथरुणाच्या मापाने. घरखर्चाचं अंदाजपत्रक आजच्या दराने करू नका, आजच्यापेक्षा २० टक्के वाईट दराने करा. वरच्या उदाहरणात १.२० नाही, ०.९६ ने. म्हणजे १,८०० युरो नव्हे, १,४४० समजून. भाडं, औषधं, आरोग्यविमा आणि किराणा हे चार त्यात बसले पाहिजेत. प्रवास, हौस आणि नातवंडांच्या भेटी वरच्या ३६० मध्ये. हे चार १,४४० मध्ये बसत नसतील तर दराची काळजी करण्याआधी घराच्या भाड्याची करा. मला कंजूष म्हणाल, पण परदेशात निवृत्त झालेल्यांची जी पत्रं मला येतात, त्यांत रडणं दराचं असतं आणि मूळ बहुतेक वेळा चांगल्या दराच्या वर्षी घेतलेल्या मोठ्या घरात असतं.

त्यानंतर गंगाजळी. इथल्या चलनात, इथल्या बँकेत, सहा महिन्यांचा खर्च वेगळा ठेवा. रोजच्या खात्यात नाही, वेगळ्या खात्यात. हा पैसा व्याजासाठी नाही. दर कोसळला तर निमूट बसता यावं आणि तिकडून पेन्शनची पाठवणी लांबली तर जावयाकडे जावं लागू नये, एवढ्यासाठी आहे. तहान लागल्यावर विहीर खणायची वेळ आली की दर कधीच चांगला नसतो. दर चांगला असेल त्या महिन्यांत जास्तीचे आले ते या खात्यात टाका, वाईट असेल तेव्हा तूट यातून भरा. तुमच्या ह्यांना दर बघायचाच असेल तर तो या कामासाठी बघू देत, हौसही भागेल. फक्त ही रक्कम पैसे पाठवणाऱ्या कंपनीच्या ॲपमधल्या पाकिटात साठवू नका. बँकेतल्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं, युरोपीय संघात प्रत्येक बँकेमागे प्रत्येक खातेदाराला १ लाख युरोपर्यंत, अमेरिकेत अडीच लाख डॉलरपर्यंत. ॲपच्या पाकिटाला ते तसंच्या तसं लागू असतं असं नाही. तिथून पैसे फक्त जावेत, तिथे मुक्कामाला राहू नयेत.

आणि तारीख. पेन्शन जमा झाल्यावर तिसऱ्या दिवशी म्हणा, पाचव्या म्हणा, पण एकच ठरवा आणि त्या दिवशी जो दर असेल त्याने पाठवा. बारा महिन्यांत काही चांगले दर मिळतील, काही वाईट, सरासरी मधली पडेल. दर महिन्याला पाठवायचे की तीन महिन्यांनी एकदा, हे शुल्कावर ठरवा. प्रत्येक पाठवणीला ठरावीक २० लागत असतील तर १,५०० वर ते १.३ टक्के होतात आणि ४,५०० वर अर्ध्या टक्क्याहून कमी. मग तीन महिन्यांनी पाठवा. शुल्क टक्क्यांत असेल तर थांबून काही मिळत नाही, दर महिन्यालाच पाठवा.

पेन्शन थेट इकडच्या बँकेत घ्यावी का? सरकारी सामाजिक सुरक्षेची पेन्शन असेल तर अनेक देश ती थेट परदेशी खात्यात, तिथल्या चलनात जमा करतात; अमेरिका आणि ब्रिटन दोघेही करतात. सरकार एकगठ्ठा चलन बदलतं, त्यामुळे दर बरेचदा बरा असतो. खासगी फंडाची किंवा कंपनीची पेन्शन असेल तर दर कोण लावतं, ते आधी लेखी विचारा. माझं मत असं की पहिली दोन वर्षं पेन्शन तिकडेच येऊ द्यावी. तिकडचा कर, विम्याचे हप्ते, घर असेल तर त्याचा खर्च, हे तिथल्या तिथे भागतं. एकाच पैशाला इकडे येऊन परत तिकडे जायला लावलं तर दोन्ही वेळा कातर लागते. दोन वर्षांनी तिकडे खर्च उरला नसेल तर थेट घ्या.

याच्याआधी मात्र एक गोष्ट तपासा, कारण तिचा फटका दरापेक्षा मोठा असू शकतो. देश बदलला म्हणून पेन्शनच बदलते का? ब्रिटनची सरकारी पेन्शन दर वर्षी वाढते, पण ती वाढ सगळीकडे मिळत नाही. अमेरिकेत किंवा युरोपीय संघात राहिलात तर मिळते. कॅनडा, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका, भारत इथे राहिलात तर रक्कम आहे तिथेच गोठते. नायगाऱ्याच्या अमेरिकेकडच्या काठावरच्या पेन्शनरला वाढ आणि समोरच्या कॅनडाच्या काठावरच्याला नाही, असा हा नियम. गोठलेल्या पेन्शनवर जगणारे साडेचार लाखांच्या आसपास आहेत. ऑस्ट्रेलियाची वयोवृद्धांची पेन्शन घेणारा २६ आठवड्यांहून जास्त देशाबाहेर राहिला, की कामाच्या वयातली किती वर्षं ऑस्ट्रेलियात काढली यावर रक्कम ठरते, आणि पूर्ण मिळायला ३५ वर्षं लागतात. वीस वर्षं गोठलेल्या पेन्शनपुढे १.२० आणि १.२२ चा वाद म्हणजे पोरखेळ. तुमच्या पेन्शनच्या कार्यालयाला विचारा: या देशात कायम राहिलो तर दर वर्षीची वाढ मिळेल का? उत्तर लेखी घ्या.

हयातीच्या दाखल्याचं तुमच्या ह्यांना माहीत असेलच. पण परदेशात गेल्यावर तो चुकायची शक्यता वाढते. अमेरिकेची सामाजिक सुरक्षा परदेशातल्या लाभार्थींना वर्षाला किंवा दोन वर्षांनी एक प्रश्नावली पाठवते. ती भरून परत गेली नाही की पैसे थांबतात. घर बदललं, पत्ता कळवायचा राहिला, पाकीट जुन्या घरी गेलं, एवढंच पुरतं. भारतात केंद्र सरकारच्या पेन्शनरांचा दाखला नोव्हेंबरात, ८० च्या पुढच्यांना १ ऑक्टोबरपासूनच देता येतो, आणि २०१४ पासून तो डिजिटलही आहे. तुमचा देश कोणताही असो, ती तारीख स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर एक महिना आधी लिहून ठेवा.

करावर फार लिहीत नाही. दोन्ही देशांचे नियम जाणणाऱ्या सल्लागाराला एकदा पैसे देऊन भेटा, ते पैसे वसूल होतात. जाताना एवढं लक्षात घेऊन जा. बहुतेक देशांत वर्षातले १८३ दिवस ही एक मोठी रेघ असते. ती ओलांडली की तुम्ही तिथले करदाते मानले जाण्याची शक्यता फार. दोन देशांमधले दुहेरी कर टाळण्याचे करार बहुधा ओईसीडी या विकसित देशांच्या आर्थिक संघटनेच्या नमुन्यावर बेतलेले असतात. त्या नमुन्यात कलम १८ प्रमाणे खासगी नोकरीच्या पेन्शनवर कर लावायचा हक्क राहत्या देशाचा, तर कलम १९ प्रमाणे सरकारी सेवेच्या पेन्शनवर पेन्शन देणाऱ्या देशाचा. म्हणजे एकाच इमारतीत शेजारी-शेजारी राहणारे दोन निवृत्त गृहस्थ, एक सरकारी आणि एक खासगी, वेगवेगळ्या देशांना कर भरत असतात. म्हणून शेजाऱ्याने काय केलं ते विचारून त्याप्रमाणे करू नका. शिवाय करार कायमचे नसतात. पोर्तुगालमध्ये नव्याने येणाऱ्यांना करात मोठी सवलत मिळायची. ती खटकल्याने फिनलंडने पोर्तुगालबरोबरचा करार संपवला, तो २०१९ पासून गेला. स्वीडनने पोर्तुगाल आणि ग्रीस दोघांबरोबरचे रद्द केले, २०२२ पासून. २०२४ पासून पोर्तुगालने ती जुनी सवलत नव्याने येणाऱ्यांना बंद केली. सवलत पाहून देश निवडलेल्यांची त्यात गाळण उडाली. तुम्ही लेक पाहून निवडलात, ते बरं केलंत.

आता पुंजी. सगळी एकदाच आणू नका. दराचं कारण आहेच. एकाच दिवसाच्या दरावर आयुष्याची शिल्लक लावायची नाही, वर्षभरात चार-सहा हप्त्यांत आणा. पण त्याहून मोठं कारण वेगळं आहे. तुम्हाला परत जावं लागेल का, हे आज तुम्हालाही सांगता येणार नाही. मोठं आजारपण आलं, दोघांतलं एक मागे राहिलं, लेकीची नोकरी तिसऱ्या देशात गेली, तर परतावं लागतं आणि तेव्हा तिकडच्या चलनात पैसा लागतो. म्हणून परतीचं तिकीट, तिकडे घर लावायचा खर्च आणि वर्षभराचं राहणं, एवढं तिकडेच राहू द्या. बाकीच्यातलं इकडे किती आणायचं, ते इकडे किती वर्षं खर्च होणार यावर ठरवा. इथे घर घ्यायचा विचार असेल आणि पैसे अमक्या तारखेलाच द्यायचे असतील, तर काही महिने आधी दर बांधून घेता येतो. त्याला वायदा करार म्हणतात. आधी काही रक्कम अनामत ठेवावी लागते आणि नंतर बाजारातला दर तुमच्या बाजूने गेला तरी बांधलेलाच दर मिळतो. घरासाठी हे ठीक आहे. दर महिन्याच्या पेन्शनसाठी नको, डोक्याला ताप.

पेन्शन भारतातली असेल तर नियम असे. परदेशी स्थायिक झाल्यावर साधं बचत खातं तसंच चालवायचं नसतं, बँकेला कळवून ते एनआरओ, म्हणजे परदेशी राहणाऱ्यांचं रुपयांतलं खातं, करून घ्यायचं. पेन्शन, भाडं, व्याज असं चालू उत्पन्न कर भरून बाहेर नेता येतं. साठवलेली पुंजी किंवा घर विकून आलेले पैसे एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत.

तिकडचं खातं बंद करू नका. माझ्या सख्ख्या मावशीची गोष्ट सांगते. परदेशात मुलाकडे राहायला गेली, मायदेशातलं सिम कार्ड ड्रॉवरमध्ये पडलं, कोणी रिचार्ज केलं नाही, नंबर बंद झाला. आता बँकेचा ओटीपी त्या नंबरवर. नंबर बदलायचा तर शाखेत स्वतः यायला हवं, असं शाखेचं म्हणणं. पेन्शन दर महिन्याला वेळेवर खात्यात पडत होती आणि मावशीला ती नुसती बघताही येत नव्हती, कारण बघायलाही ओटीपी. शेवटी पंचाहत्तरीच्या बाईला निव्वळ एका अर्जावर सही करायला विमानाने यावं लागलं. तर तिकडचा नंबर जिवंत ठेवा, रिचार्जची तारीखही त्याच कॅलेंडरवर. बँकेत परदेशी नंबर नोंदवता येत असेल तर नोंदवून घ्या. आणि बँकेला तुमचा इथला पत्ता खरा कळवा. जुना पत्ता दाखवून खातं चालू ठेवायचं, असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच. बहुतेक देशांच्या बँका आता परदेशी राहणाऱ्यांच्या खात्यांची माहिती एकमेकांच्या कर खात्यांना देतात, त्यामुळे लपत काही नाही, आणि खातं गोठलं तर ऐन महिन्याच्या शेवटी गोठतं.

आता तुमचा शेवटचा परिच्छेद.

ताई, पेन्शन माणसाच्या नावावर असते आणि ती त्याच्याबरोबर थांबते. जोडीदाराला पुढे काय मिळतं ते योजनेवर आहे. कुठे एक हिस्सा, कुठे काहीच नाही, आणि काही ठिकाणी निवृत्त होतानाच पर्याय निवडावा लागतो, नंतर बदलत नाही. ह्यांनी कोणता पर्याय निवडला होता, हे तुम्हाला माहीत आहे का? पत्रावरून तरी नाही असं वाटतं. ते आधी विचारा. मग जो आकडा येईल तो घेऊन वरचं अंदाजपत्रक एका माणसासाठी पुन्हा करा. कारण पेन्शन निम्मी झाली म्हणून भाडं निम्मं होत नाही.

दुसरं, गेलेल्या माणसाच्या खात्यात पेन्शन येत राहिली तर ती तुमची नसते. कार्यालयाला कळलं की परत मागतात, आणि तोवर खर्च झालेली असली तर बायकोकडून वसूल करायला बघतात. म्हणून कळवायचं कुठे, कोणत्या नंबरवर, पेन्शनचा क्रमांक काय, हे लिहिलेलं हवं. तिकडचं खातं दोघांच्या नावावर, दोघांपैकी कोणीही चालवू शकेल असं करून घ्या. तसं होत नसेल तर निदान वारसाची नोंद करा. इथली गंगाजळी तर आजच दोघांच्या नावावर करा. तुमचं एकटीचंही एक छोटं खातं इथे असू द्या, महिना-दोन महिन्यांचा खर्च त्यात. दोन देशांत मालमत्ता असेल तर मृत्युपत्राबद्दल दोन्हीकडच्या वकिलाला विचारा, कारण नंतर केलेल्या एकाने आधीचं रद्द होऊन बसतं असं घडतं. आणि लग्नाचा दाखला शोधून ठेवा. पेन्शनचं कार्यालय सगळ्यात आधी तोच मागतं. कागद दुसऱ्या देशात चालायचा तर बहुधा त्यावर अपोस्टिलचा, म्हणजे कागद अस्सल असल्याचा सरकारी शिक्का लागतो. १९६१ च्या हेगच्या करारात दोन्ही देश असतील तर तो एकच शिक्का पुरतो, नाहीतर वकिलातीच्या फेऱ्या.

हा विषय ह्यांच्यासमोर काढवत नाही म्हणता. नका काढू. मरणाचं नाव न घेता काम होतं. त्यांना इतकंच म्हणा की, भाड्याच्या दिवशी जे झालं ते मला पुन्हा नको, आता पाठवणी मी शिकते. हिशेबातला माणूस शिकवायला नाही म्हणणार नाही, उलट दोन तास सोडणार नाही. शिकता शिकता पासवर्ड, पेन्शनचा क्रमांक, शाखेचा फोन, सगळं एका वहीत उतरवून घ्या. कागदाची वही, फोनमध्ये नको. आणि ती कुठे ठेवलीय ते लेकीला सांगा.

पुढच्या महिन्याची पाठवणी तुम्ही करा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. ह्यांनी शेजारी बसायचं, हात मागे बांधून. पहिल्या खेपेला फक्त ५० पाठवा, पोचले का बघा, मग बाकीचे. त्या मिनिटाचा मधला दर किती होता आणि खात्यात किती पडले, ते दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि मलाही कळवा. देशाचं नाव नाही लिहिलंत तरी चालेल.